‘सकाळी राउंडला सांगू’ म्हणण्याआधी

रात्रीच्या ड्युटीत सिस्टरच्या तोंडून निघणारं सगळ्यांत धोक्याचं वाक्य कोणतं, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन : ‘सकाळी राउंडला सांगू.’ पिंपरी-चिंचवडच्या वॉर्डांत ते ऐकू येतं, चाकण एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या ओएचसीत, म्हणजे कारखान्यातल्या आरोग्य केंद्रांतही ऐकू येतं. तिथे राउंड नसतो म्हणून ‘डॉक्टर दहाला येतील तेव्हा’ असं म्हणतात, एवढाच फरक. हे वाक्य बोलणारी सिस्टर निष्काळजी नसते. उलट तिला काहीतरी खटकलेलं असतं, म्हणूनच तर ती सांगायचं म्हणते. पण खटकणं आणि सांगणं यांच्यामध्ये चार-सहा तास निघून जातात, आणि रुग्ण हातचा जातो तो याच तासांत.

अमेरिकेत मायामीच्या डॉक्टरांनी, वॉर्डात असताना हृदय बंद पडलेल्या ६४ रुग्णांचा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध केला. त्यांपैकी ५४ जणांच्या कागदांवर आधीच्या आठ तासांत तब्येत बिघडत असल्याची किंवा नवी तक्रार सुरू झाल्याची नोंद सापडली. म्हणजे कुणीतरी पाहिलं होतं आणि लिहूनही ठेवलं होतं. या अभ्यासाला आता पस्तीस वर्षं होऊन गेली, तरी वॉर्डात काम केलेल्या कुणालाही त्यातलं चित्र ओळखीचं वाटेल.

त्या मधल्या तासांत काय करायचं, हे या पट्ट्यातल्या सिस्टर-ब्रदरांसाठी लिहितो आहे. वायसीएमच्या भरलेल्या वॉर्डात, मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात, चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात, भोसरी-मोशीच्या वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये काम करणाऱ्यांसाठी; आणि त्यातही तिसऱ्या पाळीला एकट्याने ओएचसी सांभाळणाऱ्यांसाठी.

सुरुवात श्वासापासून करू, कारण टीपीआर चार्टवर सगळ्यांत जास्त खोटं याच रकान्यात लिहिलं जातं. कुठलाही चार्ट उघडून पाहा : १८, २०, १८, २०. अख्ख्या वॉर्डातली माणसं एकाच लयीत श्वास घेतात, असं कसं होईल? नाडी मशीन दाखवतं, बीपी मशीन दाखवतं, ऑक्सिजन बोटाला चिमटा लावला की कळतो. श्वास मात्र आपल्याला मोजावा लागतो, म्हणून तो अंदाजाने लिहिला जातो. आणि तब्येत बिघडायला लागली की बहुतेकदा आधी बदलतो तो श्वासच. मनगट हातात धरा, नाडी मोजत असल्यासारखं दाखवा आणि पूर्ण एक मिनिट छातीकडे बघत श्वास मोजा. रुग्णाला सांगून मोजलात तर तो लगेच श्वास बदलतो.

आता हे आकडे पाहा. श्वास २२, ऑक्सिजन ९५, नाडी ११२, वरचं बीपी १०८, ताप ९९, रुग्ण शुद्धीवर. यातला एकही आकडा एकटा पाहिला तर कुणी दचकणार नाही. पण ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने तयार केलेल्या न्यूज-२ या तक्त्याप्रमाणे श्वासाचे २, ऑक्सिजनचा १, नाडीचे २ आणि बीपीचा १ असे गुण धरले की बेरीज ६ येते. ५ किंवा जास्त झाले की डॉक्टरांनी तातडीने येऊन पाहायचं आणि ७ झाले की आणीबाणी समजायची, असा तो नियम आहे. तुमच्या रुग्णालयात हा तक्ता वापरात नसेल, तरी त्याची एक प्रत नर्सिंग स्टेशनवर चिकटवा. ‘जरा बरा वाटत नाही’ ही भावना त्याने आकड्यात उतरते, आणि आकडा फोनवर सांगता येतो.

पण आकड्यांवरही डोळे मिटून विसंबायचं नसतं, हे आपल्याच भागाने अलीकडे पाहिलं आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुणे परिसरात गिलियन बारी सिंड्रोमची म्हणजे जीबीएसची साथ आली. मुख्य उद्रेक सिंहगड रस्त्याच्या बाजूला नांदेड गाव, किरकटवाडी भागात होता, तरी पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण निघाले आणि महापालिकेने त्यांच्या उपचारांची सोय वायसीएममध्ये केली. संशयित रुग्णांचा एकूण आकडा दोनशेच्या वर गेला. अनेकांना आधी जुलाब झाले होते; मग पायांत मुंग्या, जिना चढताना पाय लटपटणं, आणि ती कमजोरी खालून वर चढत जाणं.

कोविडच्या काळात नेहरूनगरच्या जम्बो रुग्णालयात ज्यांनी काम केलं, त्यांना ऑक्सिमीटरने एक धडा दिला होता : माणूस गप्पा मारत असला तरी ऑक्सिजन ८५ असू शकतो, तेव्हा मशीनवर भरवसा ठेवा. जीबीएसमध्ये तोच भरवसा अंगाशी येतो. इथे फुप्फुसं चांगली असतात, थकतात ते श्वासाचे स्नायू. त्यामुळे ऑक्सिजन शेवटपर्यंत ९७ दाखवत राहतो आणि घसरायला लागतो तेव्हा नळी घालायला सवड उरलेली नसते. अशा रुग्णाला दर काही तासांनी एक खोल श्वास घ्यायला सांगा आणि त्या एकाच श्वासात मोठ्याने आकडे मोजायला लावा, साधारण सेकंदाला एक. आकडे त्याच्या मातृभाषेत म्हणू द्या. ओडिशाचा मुलगा मराठीत अडखळला, तर ते श्वासामुळे की भाषेमुळे हे तुम्हाला कळणार नाही. दुपारी ३० पर्यंत जाणारा रुग्ण संध्याकाळी २२ वर आला असेल तर ही घसरण त्याच क्षणी कळवायची. २० च्या खाली गेला तर आयसीयूची तयारी विचारायची, आणि १० च्या आसपास आला तर फोन करून थांबायचं नाही, माणूस बोलावून आणायचा. सोबत आणखी तीन गोष्टी पाहा : उशीवरून मान उचलता येते का, खोकला जोरात येतो का, पाणी पिताना ठसका लागतो का. यांपैकी कशालाही यंत्र लागत नाही, आणि रुग्णाजवळ चोवीस तास कुणी असेल तर ती सिस्टरच असते.

आता ओएचसीकडे. ५०० हून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात नर्सिंग कर्मचाऱ्यांसह स्वतंत्र उपचार कक्ष असावा, अशी अट कारखाने अधिनियम, १९४८ ने घातली. पण कागदावरच्या त्या कक्षात प्रत्यक्ष रात्री कोण असतं? एक सिस्टर किंवा ब्रदर, एक पलंग, औषधांचं कपाट आणि डॉक्टरांचा मोबाइल नंबर. तिथे पहाटे तीनला चाळिशीचा कामगार छातीवर हात ठेवून येतो. ‘सिस्टर, गॅस झालाय, काहीतरी द्या, लाइन थांबलीय.’ निदान त्यानेच करून आणलेलं असतं आणि त्याला घाईही असते. आपण पातळ औषधाची बाटली काढतो, दोन चमचे देतो, दहा मिनिटांत ‘बरं वाटलं’ म्हणून तो परत लाइनवर जातो.

इथे थांबायचं. अँटासिडने बरं वाटलं म्हणजे दुखणं हृदयाचं नव्हतं, असा अर्थ होत नाही. हृदयविकाराचं दुखणंही अधूनमधून कमी होतं. मधुमेही माणसाला तर छातीत दुखलंच पाहिजे असंही नाही. घाम, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत ओढ, कारण नसताना आलेला गळाठा एवढंच असू शकतं. छातीची, पोटाच्या वरच्या भागाची किंवा अकारण घामाची तक्रार आली तर दहा मिनिटांच्या आत ईसीजी, आणि तो डॉक्टरांना पाठवून त्यांच्याकडून उलट उत्तर येईपर्यंत माणूस पलंगावर. पहिला ईसीजी साधा आला आणि दुखणं चालूच असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी दुसरा काढा. ईसीजी मशीनच नसेल तर तो वाद रात्री घालायचा नाही, रुग्णालयात पाठवायचं. अ‍ॅस्पिरिन द्यायची की नाही, किती द्यायची, हे कारखान्याच्या डॉक्टरांनी सही करून दिलेल्या स्टँडिंग ऑर्डरमध्ये आधीच लिहिलेलं असलं पाहिजे. तशी ऑर्डर नसेल तर तुमचे हात बांधलेले आहेत, आणि ते सोडवायची वेळ दिवसाची असते.

पाठवायचं ठरलं की रस्ता लक्षात घ्या. तळेगाव चौक आणि आंबेठाण चौकात पाळी सुटायच्या वेळी काय होतं, हे चाकणमध्ये कुणाला सांगायला नको. नकाशावर अर्ध्या तासाचं दिसणारं रुग्णालय सकाळी सातला अर्ध्या तासाचं राहत नाही. म्हणून ‘अजून थोडं बघू’ हा निर्णय इथे शहरापेक्षा महाग पडतो. १०८ ला किंवा कारखान्याच्या रुग्णवाहिकेला आधी बोलावा. नाही लागली तर परत पाठवता येते.

आणि त्या कामगाराला आणखी एक प्रश्न विचारा, जो कुठल्याही फॉर्मवर नसतो : ‘घरी पाठवलं तर आजचा रोज बुडेल का?’ या पट्ट्यातला मोठा कामगारवर्ग कंत्राटी आहे, बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, ओडिशातून आणि आपल्या मराठवाडा-विदर्भातून आलेला. ‘सब ठीक है मैडम’ या उत्तरामागे पुष्कळदा रोज बुडण्याची भीती असते. ती भीती ओळखणं हाही तपासणीचाच भाग आहे, कारण तिच्यामुळे तक्रार निम्मी सांगितली जाते. जो माणूस ‘ठीक आहे’ म्हणतो आणि ज्याचा शर्ट एसीतही घामाने भिजलाय, त्याच्या शर्टावर विश्वास ठेवा.

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या या पट्ट्यात पॉवर प्रेसवर बोटं तुटतात, हे सगळ्यांना माहीत आहे. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था वाहन उद्योगातल्या अशा जखमी कामगारांबद्दल २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते आहे. तुटलेलं बोट जोडता येईल की नाही, हे सर्जन ठरवतील. पण ते जोडण्याच्या लायकीचं त्यांच्यापर्यंत पोचेल की नाही, हे पहिल्या दहा मिनिटांत ओएचसीत ठरतं. गडबडीत सगळ्यांत जास्त होणारी चूक म्हणजे बोट थेट बर्फात टाकणं. बर्फ थेट लागला की पेशी गोठून मरतात. स्पिरिटमध्ये किंवा बीटाडीनमध्ये बुडवणंही तितकंच वाईट.

आधी माणूस, मग बोट. जखमेवर निर्जंतुक गॉजने घट्ट दाब, हात उंच, त्या हातातली अंगठी-कडं लगेच काढायचं. मग दुसऱ्या कुणाला तरी मशीनपाशी पाठवा. मशीन बंद करून, ग्लोव्हजच्या आतही बघायला सांगा. तुटलेला भाग कित्येकदा ग्लोव्हजमध्येच अडकलेला असतो. बोटावर घाण असेल तर सलाईनने हलकेच धुवा, घासू नका. सलाईनमध्ये भिजवून पिळलेल्या गॉजमध्ये गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करा, आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत किंवा डब्यात ठेवा. वरच्या पिशवीवर नाव आणि अपघाताची वेळ लिहा, आणि ती माणसाबरोबर त्याच गाडीत द्या. बोटात स्नायू नसतात म्हणून थंड ठेवलेलं बोट बरेच तास टिकतं. मनगटावरून किंवा त्याच्याही वरून हात तुटला असेल तर मात्र साधारण सहा तासांचाच हिशोब धरायचा. निघण्याआधी फोन करून विचारा : हाताची सूक्ष्म शस्त्रक्रिया करणारे सर्जन आत्ता आहेत का? हा एक प्रश्न न विचारल्यामुळे जखमी माणूस एका रुग्णालयातून दुसऱ्यात फिरतो आणि घड्याळ पुढे जात राहतं.

भाजलेल्या माणसाबद्दल एकच सांगतो. तळवड्यात ८ डिसेंबर २०२३ ला केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली, त्यात सहा महिला जागीच गेल्या आणि होरपळलेल्यांपैकी आणखी काही जण नंतर उपचारादरम्यान दगावले. बंद जागेतल्या आगीतून आलेला माणूस बोलत असेल तर ‘बोलतोय, म्हणजे बरा आहे’ असं समजू नका. तो कसा बोलतोय ते ऐका. आवाज घोगरा झालाय, नाकातले केस जळालेत, थुंकीत काजळी आहे, तर घशाला आतून सूज येते आहे, आणि थोड्या वेळाने नळी आत जाणार नाही. कातडीवरच्या फोडांआधी हे सांगायचं.

सांगायचं कसं, ही खरी अडचण आहे. रात्री अडीचला डॉक्टरांना उठवताना जीभ जड होते. ‘सर, ते चौदा नंबरचे पेशंट जरा बरे वाटत नाहीयेत,’ असं आपण म्हणतो. पलीकडून ‘बरं, बघतो सकाळी,’ असं येतं. आणि रुग्ण बिघडला की दोघांनाही आपण बरोबर होतो असं वाटतं. त्याऐवजी असं बोला :

‘सर, मेडिसिन वॉर्डातून सिस्टर बोलते आहे. बेड चौदाबद्दल फोन केलाय, मला त्यांची काळजी वाटते. वय बावन्न, न्यूमोनियासाठी काल दाखल झालेत, मधुमेह आहे. संध्याकाळी श्वास १८ होता, आता २६ आहे. नाडी १२०, बीपी ९८, ऑक्सिजन ९२, आणि तासाभरापासून असंबद्ध बोलतायत. मला वाटतं जंतुसंसर्ग अंगभर पसरतोय. तुम्ही येऊन पाहावं. तोपर्यंत ऑक्सिजन लावू का आणि आणखी काय सुरू करू?’

कोण, आधी काय होतं, आता काय आहे, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवं. एवढंच या बोलण्यात आहे, आणि ते अर्ध्या मिनिटात होतं. ‘मला वाटतं’ म्हणायला कचरू नका. निदानावर शेवटचा शब्द डॉक्टरांचा, पण आपलं मत सांगणं हे तुमचं काम आहे. डॉक्टर आले नाहीत तर ठरावीक वेळाने पुन्हा फोन, मग त्यांच्या वरच्यांना, आणि तसं करण्याआधी शांतपणे सांगायचं : ‘सर, रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, मी मॅडमना कळवते आहे.’ यावरून कुणी रागावलं, तर रागावणाऱ्यापेक्षा मेट्रन आणि वैद्यकीय अधीक्षकांची परीक्षा मोठी असते. ज्या रुग्णालयात उगाच उठवल्याबद्दल सिस्टरला सगळ्यांसमोर बोलणी बसतात, तिथे पुढचा फोन येत नाही. हे मालकांनी आणि व्यवस्थापनाने नीट लक्षात घ्यावं.

फोनवर ऑर्डर मिळाली की लिहून घ्या आणि लिहिलेलं वाचून दाखवा. आकडा सुटा करून बोला : ‘पंधरा, एक-पाच.’ इथल्या वॉर्डात केरळच्या, ईशान्येकडच्या, लातूर-नांदेडच्या मुली एकत्र काम करतात. मराठी-हिंदी आकड्यांत गल्लत व्हायला वेळ लागत नाही.

औषधांत सगळ्यांत जपायचं ते इन्शुलिन, कारण इथली चूक अगदी सरळ हातांनी होते. आपल्याकडे वायलमधलं इन्शुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचं असतं आणि पेनच्या कार्ट्रिजमधलं १०० युनिटचं. लाल टोपीची सिरिंज ४० साठी, नारिंगी टोपीची १०० साठी. रात्री वायल संपते, पेनची सुई सापडत नाही, म्हणून कुणीतरी कार्ट्रिजमध्ये लाल टोपीची सिरिंज खुपसून १६ च्या रेघेपर्यंत भरतं. ती रेघ ०.४ मिलिलिटरची आहे. म्हणजे कार्ट्रिजमधून १६ ऐवजी ४० युनिट आले, अडीचपट. पहाटे रुग्ण घामाने थबथबलेला, शुद्ध हरपलेला सापडतो. कार्ट्रिजमधून सिरिंजने इन्शुलिन कधीच काढायचं नाही. आणि वायल घेतली की तिच्यावरचा ४० किंवा १०० हा आकडा आणि सिरिंजच्या टोपीचा रंग दोन्ही मोठ्याने वाचायचे, एकटे असलात तरी. पोटॅशियम क्लोराइडचे अँप्यूल वॉर्डाच्या ट्रेमध्ये इतर अँप्यूलबरोबर ठेवूच नका. ते पातळ न करता शिरेत गेलं तर हृदय थांबतं.

अ‍ॅलर्जीचा प्रश्नही नीट विचारा. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना याच पिंपरीत उभा राहिला आणि इथलं पेनिसिलिन देशभर गेलं. त्या पिंपरीत ‘अ‍ॅलर्जी आहे का?’ या प्रश्नाला आजही ‘ती काय असते?’ असं उत्तर मिळतं. ‘कधी गोळी किंवा सुई घेतल्यावर अंगाला खाज, गांधी, तोंडाला सूज, दम असं झालं होतं का?’ असं विचारलं की लोक आठवून सांगतात.

नोंदींबद्दल. जे पाहिलं ते आणि ज्या वेळी पाहिलं ती वेळ लिहा. ‘रात्र शांत गेली’ यातून कुणालाच काही कळत नाही. डॉक्टरांना किती वाजता कळवलं आणि काय उत्तर आलं, हे अवश्य लिहा. कारखान्यात अपघाताची वेळ, जागा किंवा मशीन बदलून लिहायचा आग्रह झाला तर नकार द्या. त्या नोंदीवर कामगाराचा ईएसआयचा हक्क उभा असतो, आणि सही तुमची असते.

हे सगळं एका सिस्टरने चाळीस रुग्णांमध्ये करावं, असं मी म्हणत नाही. ते होणार नाही. लिंडा एकन यांच्या २००२ च्या अमेरिकी अभ्यासात, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांमध्ये, प्रत्येक सिस्टरमागे एक रुग्ण वाढला की महिन्याभरात मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली दिसली. तेव्हा ड्युटी घेताना रुग्णांची संख्या, त्यातले गंभीर किती आणि हाताशी माणसं किती, हे रिपोर्ट बुकमध्ये लिहून इनचार्जना कळवा. तोंडी तक्रार हवेत विरते. लिहिलेली तारीखवार नोंद पुढे पदं मागताना उपयोगी पडते.

या आठवड्यात दिवसपाळी असेल तेव्हा तीन गोष्टी तपासा. स्टँडिंग ऑर्डरवर डॉक्टरांची सही आणि तारीख आहे का. ऑक्सिजन सिलिंडर भरलेला आहे का आणि त्याची चावी जागेवर आहे का. हाताची शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयाचा भिंतीवर लिहिलेला नंबर खरंच लागतो का, ते स्वतः फिरवून बघा. यांतलं जे नसेल ते व्यवस्थापनाकडे लेखी मागा आणि अर्जाची पोच घेऊन ठेवा.